वकील न लावता नादारीचा अर्ज : आधी यादी, मग कोर्ट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सांगली जिल्ह्यात राहता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं, आता १९,००० रुपये पगाराची नोकरी आहे. देणी अशी : दोन पर्सनल लोन मिळून ४,६०,०००, तीन क्रेडिट कार्डं २,८५,०००, पतसंस्था २,५०,००० (मेव्हणा जामीनदार), सुट्या भागांचा घाऊक व्यापारी १,८०,०००, चार ॲपवरची कर्जं ९५,००० आणि तीन नातेवाईकांचे हातउसने १,२०,०००. एकूण १३,९०,०००. व्यापाऱ्याने हुकूमनामा (पैसे द्या असा दिवाणी कोर्टाचा निकाल) घेऊन दरखास्त (त्याच्या वसुलीचा अर्ज) लावली आहे, पतसंस्थेने १०१ चा दाखला (सहकार कायद्याखालचा वसुलीचा दाखला) मिळवला आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तुमचे प्रश्न दोन : दिवाळखोरीचा (कायद्याच्या भाषेत नादारीचा) अर्ज स्वतः करता येतो का, आणि त्याआधी वडिलोपार्जित दोन एकरांतला वाटा भावांच्या नावे सोडून द्यावा का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर अजिबात नको, आणि ते का नको हे कळलं की पहिल्याचं निम्मं काम होतं.

मूळ गाठ वेगळीच आहे. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत : फोनवरचा छळ, जप्ती किंवा अटकेची भीती, आणि कर्ज कायमचं मिटवणं. नादारीचा अर्ज दुसऱ्या-तिसऱ्यासाठी आहे. फक्त वसुलीवाल्यांचे फोन थांबवायला कोणी नादार होऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, धमकी देता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. त्याची लेखी तक्रार आधी त्या बँकेकडे आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करायची. त्याला कोर्ट लागत नाही.

आता कायदा. इंटरनेटवर २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचं नाव सगळीकडे दिसेल. त्यातला व्यक्तींविषयीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. तुमच्यासारख्या पगारदार किंवा बंद पडलेल्या दुकानदारासाठी तो सुरू झालेला नाही. त्यातली गाजलेली ‘फ्रेश स्टार्ट’ सोय (वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत वगैरे) कागदावरच आहे. त्या नावाने पैसे घेऊन ‘ऑनलाइन दिवाळखोरी’ करून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. तुम्हाला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत राहणाऱ्याला १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय. तिथे स्वतः बाजू मांडणाऱ्याला आधी समितीपुढे जावं लागतं, म्हणून ते प्रकरण इथे घेत नाही.

एक शब्दाचा घोळ मिटवून टाकू. कोर्टाच्या आवारात ‘नादारीचा अर्ज’ म्हटलं की काही जण कोर्ट फी माफीचा अर्ज समजतात, शाळेतल्या फीमाफीसारखा. तो वेगळा. खिडकीवर ‘प्रांतिक नादारी कायदा, कलम १० खाली ऋणकोचा अर्ज’ असं स्पष्ट म्हणा (ऋणको म्हणजे कर्जदार), किंवा सरळ ‘इन्सॉल्व्हन्सी पिटीशन’ म्हणा. ते सगळ्यांना कळतं.

कलम १० ची पात्रता अगदी खाली आहे. देणी फेडता येत नाहीत आणि पुढच्या तिनांपैकी एक गोष्ट लागू आहे, एवढं पुरतं : देणी ५०० रुपये किंवा जास्त, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात अटक, किंवा अशा हुकूमनाम्यात जप्तीचा आदेश चालू. हो, पाचशेच. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला आहे. त्यामुळे ‘मी पात्र आहे का’ यावर डोकं शिणवू नका. प्रश्न आहे तो ‘यातून मला काय मिळेल आणि काय जाईल’ हा.

आधी काय मिळत नाही ते. तारण कर्जाला नादारी हात लावत नाही. गहाण घर, हप्त्याची गाडी, सोनेतारण यातल्या धनकोचा (कर्ज देणाऱ्याचा) तारणावरचा हक्क कलम २८(६) खाली जसाच्या तसा राहतो. तुमच्यावर तारण कर्ज नाही, हे बरं. चेक न वटल्याची कलम १३८ ची केस फौजदारी आहे, ती चालूच राहते. व्यापाऱ्याला दोन चेक दिले होते म्हणता, त्याची नोटीस आली असेल तर नादारीच्या भरवशावर ती बाजूला टाकू नका. सरकारचं देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी यांतून शेवटीसुद्धा सुटका नाही. आणि जामीनदार सुटत नाही. कलम ४४(३) तसं स्पष्ट म्हणतं. म्हणजे तुम्ही नादार ठरलात की पतसंस्था दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या दारात उभी राहील. अर्ज करण्याआधी हे त्यांना तोंडाने सांगा. त्यांना ते कोर्टाच्या नोटिशीतून कळलं की कायदा बाजूला राहतो आणि घर फुटतं. त्यांनी पैसे भरले तर तेवढ्यापुरते ते तुमचे धनको होतात, म्हणून त्यांचं नावही धनकोंच्या यादीत आजच घालायचं, ‘जामीनदार म्हणून संभाव्य देणे’ अशा शेऱ्यासह.

आता काय जातं ते. कोर्टाने नादार ठरवल्याचा आदेश केला की तुमची सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (ती ताब्यात घेऊन धनकोंत वाटायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. पुढे मुक्तता (कर्जातून सोडवणारा कोर्टाचा शेवटचा आदेश) मिळेपर्यंत मिळवलेलीसुद्धा. अपवाद फक्त दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली ज्याची जप्ती होत नाही त्याचा : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम. तुमचा दुरुस्तीचा टूलकिट, सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर गन हे कारागिराची अवजारं म्हणून सांगता येतं. दुकानात उरलेले डिस्प्ले आणि बॅटऱ्या मात्र माल आहेत, त्या अवजारात बसत नाहीत.

पगाराचा हिशेब असा. पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांची जप्ती होत नाही. १९,००० मधून १,००० काढले, राहिले १८,०००. त्याचे दोन तृतीयांश १२,०००. म्हणजे १३,००० सुरक्षित, जास्तीत जास्त ६,००० ला हात लागू शकतो. सध्या तुम्ही कर्ज फिरवायला दरमहा १४,००० भरता म्हणता. दोन आकडे शेजारी ठेवून बघा, तुमच्या बाबतीत नादारीचा विचार करण्याचं खरं कारण तिथे आहे. पगार ३५,००० असता आणि देणं तीन लाख, तर मी तडजोड आणि लोकअदालत सुचवली असती.

आणि जमीन. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, वाटणी झालेली नाही. तुमचा अविभक्त वाटा ही मालमत्ताच आहे, ती रिसीव्हरकडे जाणार. म्हणून गावात हमखास सल्ला मिळतो : आधी भावांना हक्कसोडपत्र करून दे, मग अर्ज कर. हा सल्ला देणाऱ्याने कलम ५३ वाचलेलं नसतं. अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं कुठलंही हस्तांतरण (बक्षीसपत्र असो, हक्कसोड असो किंवा बायकोच्या नावे केलेली खरेदी) रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. नोंदणीकृत दस्त आहे, फेरफार मंजूर आहे, याने फरक पडत नाही. वर त्याचा दुसरा परिणाम जास्त महागात जातो : मालमत्ता लपवल्याचा ठपका बसला तर शेवटची मुक्तता अडते, आणि कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वाटा जाईल तर जाऊ द्या. बहुतेक वेळा असा अविभक्त वाटा बाहेरचा माणूस विकत घ्यायला धजत नाही. मग रिसीव्हरकडून तो वाटा कोर्टाच्या परवानगीने रास्त किमतीला भावांनीच घ्यायचा हा मार्ग उरतो. तो उघड आणि टिकाऊ आहे.

त्याचंच धाकटं भावंड म्हणजे कलम ५४. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला बाकीच्यांपेक्षा झुकतं माप देण्यासाठी पैसे दिले तर तेही रद्द होतात. मामांचे ४०,००० ‘निदान त्यांचे तरी’ म्हणून परवा फेडायचं मनात असेल तर थांबा. रिसीव्हर ते मामांकडून परत मागेल, आणि मग मामा तुमच्याशी बोलायचे बंद होतील ते कायमचे. मुक्तता झाल्यावर स्वखुशीने द्यायला तुम्हाला कोणी अडवत नाही.

आता अर्ज. त्याचा कणा म्हणजे दोन याद्या, धनकोंची आणि मालमत्तेची. बाकीचा मजकूर तीन-चार पानांत संपतो. पण अर्ज परत येतो, लांबतो किंवा फेटाळला जातो तो या याद्यांमुळेच. एक संपूर्ण आठवडा फक्त याला द्या.

धनकोंच्या यादीत प्रत्येकाची एक ओळ आणि रकाने असे : नाव, पूर्ण पत्ता, कर्जाची तारीख, मूळ रक्कम, आजचं येणं, तारण की बिनतारण, जामीनदार कोण, दावा किंवा दरखास्त क्रमांक, पुरावा कोणता जोडला. व्यापाऱ्याची ओळ लिहिताना ‘अमुक ट्रेडर्स, कोल्हापूर, १.८० लाख’ एवढ्यावर भागत नाही. मालकाचं नाव, दुकानाचा गाळा क्रमांकासह पत्ता, हुकूमनाम्याची तारीख, मुद्दल किती, व्याज किती, दाव्याचा खर्च किती, दरखास्त कुठल्या कोर्टात, पुढची तारीख कोणती, सगळं हवं. हे तुम्हाला ई-कोर्ट्सवर नावाने शोधून मिळतं. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून काढा.

ॲपच्या कर्जात सगळे फसतात. ॲपचं नाव धनकोचं नसतं. पैसे देणारी बँक किंवा वित्त कंपनी वेगळी असते आणि तिचं नाव कर्जमंजुरीच्या कागदात किंवा मुख्य माहिती पत्रकात असतं. ॲप उडवून टाकलं असेल तर ई-मेल शोधा, नाहीतर क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव असतं. जुनं कार्डाचं कर्ज बँकेने दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर यादीत दोघांची नावं घाला. ज्याची कुठे नोंदच नाही तो ॲपवाला धमकावत असेल तर त्याचं नाव, फोन, जमा झालेली रक्कम आणि बँक स्टेटमेंटमधली ओळ नमूद करा. कायदा ‘माहीत असेल किंवा रास्त काळजीने कळू शकेल तेवढं’ मागतो. काळजी घेतल्याचं दिसलं पाहिजे.

हातउसने लिहायचे का, असं सगळे विचारतात. लिहायचे. कागद नसला तरी. तारीख आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण रक्कम फुगवू नका. नातेवाइकांची मोठमोठी देणी ऐनवेळी उगवली की समोरचा वकील पहिला बोट तिथेच ठेवतो.

मालमत्तेच्या यादीत नियम एकच : सुटणारी आहे का ते कोर्ट ठरवेल, लिहायचं सगळं. सातबारा आणि आठ-अ चे चालू उतारे, स्कूटर (क्रमांक आणि अंदाजे किंमत), सगळी बँक खाती शून्य शिल्लक असलेलीसुद्धा, पीएफ, विमा पॉलिसी, दुकानाच्या गाळ्याची मालकाकडे अडकलेली अनामत, गिऱ्हाइकांकडची उधारी. अनामत आणि उधारी जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. पत्नीचं स्त्रीधन तुमची मालमत्ता नाही, ते यादीत येत नाही. पण कर्जाच्या पैशांतून तिच्या नावे काही घेतलं असेल तर ते आधीच सांगा. उलटतपासात निघालं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या यादीवरचाही विश्वास जातो.

सोबत मागच्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंट आणि दुकानाच्या वह्या. तीन वर्षं अशासाठी की तेवढ्या काळात व्यवसायाचे हिशेब ठेवले नाहीत, तर कलम ४२ खाली पूर्ण मुक्तता नाकारायला ते एक कारण होतं. वह्या नसतील तर बिलबुक, यूपीआयची नोंद, व्यापाऱ्यांची बिलं यांवरून महिनावार जमा-खर्च आता तयार करा आणि तो ‘आता तयार केला’ असंच लिहा. जुन्या तारखेची नवी वही हा गुन्हा आहे आणि ती ओळखू येते. एकाच पेनाने तीन वर्षं कोणी लिहीत नाही.

अर्जाचा मजकूर कलम १३ सांगतं त्याच क्रमाने : देणी फेडण्यास असमर्थ असल्याचं निवेदन, राहण्याचं आणि कामाचं ठिकाण, अटक किंवा जप्तीचा आदेश कोणत्या कोर्टाचा, देण्यांचा तपशील, मालमत्तेचा तपशील आणि ती कोर्टाच्या हवाली करण्याची तयारी, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का. त्यात एक परिच्छेद कायद्याने न मागितलेला, पण घालाच : कर्ज कशामुळे झालं. तारखांसह, सहा-सात ओळींत, रडगाणं न गाता. दुकान कधी सुरू झालं, धंदा कधी बसला, कोणतं कर्ज कोणतं कर्ज फेडायला घेतलं. शेवटी मुक्ततेच्या वेळी न्यायाधीश हेच पाहणार आहेत.

मराठीत लिहा. जिल्हा पातळीवरच्या कोर्टाची ती भाषा आहे आणि उलटतपासात स्वतःचीच वाक्यं अडखळणार नाहीत. शेवटी सत्यापन : कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानता, हे क्रमांक देऊन लिहायचं. ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ एवढ्यावर फाइलिंगची खिडकी अर्ज परत करते. सोबत प्रतिज्ञापत्र.

दाखल कुठे? तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या भागाच्या कोर्टात. मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाचा, पण शासन अधिसूचनेने तो खालच्या कोर्टालाही देऊ शकतं, म्हणून जिल्हा न्यायालयाच्या फाइलिंग विभागात आधी विचारून घ्या. तिथेच कोर्ट फी आणि नोटिशीची प्रोसेस फी विचारा. प्रत्येक धनकोला नोटीस जाते, तेव्हा चौदा धनको आणि मेव्हणा मिळून पंधरा प्रती, पंधरा पत्ते, पंधरा पाकिटं धरून चाला. आक्षेप निघाले तर घाबरू नका. ते कागदावर लिहून मागा, दिलेल्या मुदतीत दुरुस्त करा, प्रत्येक वेळी पोच घ्या.

आता सगळ्यात जास्त गैरसमजाची जागा. अर्ज दाखल केला म्हणजे सगळं आपोआप थांबतं, असं नाही. परदेशी मालिका आणि व्हिडिओ पाहून हा समज पसरला आहे. धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा किंवा वसुली करण्यास बंदी येते ती नादार ठरवल्याच्या आदेशानंतर. तो परिणाम मागे जाऊन अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, हे खरं. पण मधल्या काळात तुम्हाला हातपाय हलवावे लागतात. जप्त वस्तूंची विक्री लागली असेल तर अर्ज ‘दाखल करून घेतल्याचा’ आदेश होताच त्याची प्रमाणित प्रत दरखास्तीच्या कोर्टात द्या आणि कलम ५२ खाली ती मालमत्ता रिसीव्हरकडे देण्याची विनंती करा. मात्र हे विक्री होण्याआधी व्हायला हवं. अटकेचं वॉरंट निघालंच तर दिवाणी संहितेचं कलम ५५ लक्षात ठेवा : कोर्टापुढे उभं केल्यावर, एका महिन्यात नादारीचा अर्ज करतो असा जामीन दिला तर कोर्ट सोडू शकतं. मुळात प्रामाणिकपणे पैसे नसलेल्याला केवळ देणं थकलं म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण ते सांगायला तारखेला हजर राहावं लागतं. कारणे दाखवा नोटीस घेतली नाही, तारखेला गेलो नाही, मग वॉरंट निघालं, हा क्रम नेहमीचा.

सुनावणी. कोर्ट सहसा दाखल करतानाच अंतरिम रिसीव्हर नेमतं. त्याला वह्या, किल्ल्या, कागद यादी करून द्या आणि त्या यादीवर त्याची सही घ्या. सुनावणीत ‘फेडता येत नाही’ हे प्रथमदर्शनी पटेल इतकंच ऋणकोला सिद्ध करावं लागतं. ऋणकोची तपासणी होते, धनको प्रश्न विचारू शकतात. प्रश्न ठरलेले असतात : कर्जाचे पैसे कुठे गेले, मोबाईल किती किमतीचा, लग्नात किती खर्च केला, जमीन कुणाची, ऑनलाइन गेमवर किती उडवले. उधळपट्टी, जुगार आणि बेफाम सट्टा ही मुक्तता नाकारण्याची कारणं आहेत, म्हणून स्टेटमेंटमधल्या अशा ओळी आधीच शोधून ठेवा आणि विचारलं की सरळ हो म्हणा. ‘आठवत नाही’ हे उत्तर एकदा चालतं, पाचव्यांदा नाही.

आदेश झाला की प्रमाणित प्रती भरपूर काढा. प्रत्येक कोर्टात, जिथे तुमच्यावर दावा चालू आहे, कलम २९ चा (तो दावा थांबवण्याचा) अर्ज द्या. पतसंस्थेच्या विशेष वसुली अधिकाऱ्यालाही प्रत पोच घेऊन द्या. तोंडी सांगितलेलं तिथे कोणी ऐकत नाही. अटकेपासून संरक्षण हवं असेल तर कलम ३१ खाली वेगळा अर्ज लागतो, ते आदेशात आपोआप येत नाही.

आदेशानंतर काही बंधनं येतात. मुक्तता मिळेपर्यंत नादार असल्याचं न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतले तर कलम ७२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मित्राच्या कार्डावर हप्त्याने फोन घेणं वगैरे विसरा. स्थानिक संस्थेची निवडणूक, कंपनीचं संचालकपद बंद. सरकारी नोकर असता तर खात्याला कळवावं लागलं असतं.

वकील कुठे लागेलच? रिसीव्हरने किंवा धनकोने कलम ५३ खाली एखादा दस्त रद्द करायला मागितला, किंवा भावांनी जमिनीवर वेगळा हक्क सांगितला, तर तो भाग एकट्याने लढवू नका. तिथे साक्षीपुरावा आणि हिंदू कुटुंबाचा कायदा येतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाचा अर्ज करा. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्नाचा दाखला लागतो. तुमच्या पगारावर अर्ज करून पाहायलाच हवा, अगदी सुरुवातीलासुद्धा.

राहिली मुक्तता, आणि तीच लोक विसरतात. नादार ठरवण्याच्या आदेशाने कर्ज संपत नाही. ते संपतं कलम ४१ च्या मुक्ततेने, आणि त्यासाठी तुम्हालाच पुन्हा अर्ज करावा लागतो. किती मुदतीत करायचा ते पहिल्याच आदेशात शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं. देण्याच्या रुपयाला आठ आणे, म्हणजे निम्मी, इतकीही मालमत्ता निघाली नाही तर पूर्ण मुक्तता सहज मिळत नाही, पण ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणांनी झालं असं पटलं तर मिळू शकते. अर्जात सहा-सात ओळी लिहायला लावल्या त्या इथे उपयोगी पडतात. मुदत हुकली तर नादारीच रद्द होते, सगळे धनको परत मोकळे होतात, आणि पुन्हा अर्ज करायला कोर्टाची आधी परवानगी लागते. आदेशाची प्रत हातात पडली की ती मुदत शोधून त्याखाली रेघ मारा, आणि मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी मागितलेली बरी.